जोडी क्रमांक सहाशे बारा

नायट्रोजन : शंभरात अठ्ठ्याहत्तर

सानिका पुण्याहून न कळवता आली, पायातलं न काढता तशीच स्वयंपाकघरात शिरली आणि म्हणाली, "आई, माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी तू सड्यावर गेली होतीस?"

दर्शना घाडी कुळथाच्या पिठीला फोडणी देत होती. लसूण तांबूस होत आला होता. तिने मागे न बघताच उत्तर दिलं.

"गेले होते तर! धावत गेले. तुला ब्याण्णव टक्के पडले ते बाबांना सांगायला. सड्यावर तेव्हा फोन लागत नसे. का गो?"

दर्शनाने गॅस बारीक केला आणि वळून पाहिलं. चौतीस वर्षांची तिची लेक दाराची चौकट धरून उभी होती. तोंडावरचा रंग पार उडालेला.

"हे तू कुणाला सांगितलं होतंस?"

"कुणी विचारलं होतं?" दर्शना म्हणाली.

•

हवेचं गणित सोपं आहे. शंभर भाग कोरडी हवा घेतली तर अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजन, एकवीस भाग ऑक्सिजन, एका भागाहून थोडा कमी आर्गॉन. उरलेल्या चिमटीत बाकीचे सगळे. कार्बन डायऑक्साइड त्या चिमटीतला, शंभरात जेमतेम चार शतांश. पण पृथ्वी किती तापणार हे त्या चिमटीवर ठरतं. म्हणून जगातल्या काही निवडक जागी माणसं दर आठवड्याला काचेच्या फ्लास्कमध्ये हवा भरतात, मोजतात, आणि पुढच्यांसाठी साठवून ठेवतात.

गिरमाटचा सडा ही त्यातली एक जागा. जांभ्याचा उघडाबोडका माळ, पश्चिमेला एकदम तुटलेला, खाली समुद्र. दुपारी तिथे जो वारा येतो तो हजार कोस पाण्यावरून आलेला असतो. वाटेत त्याला ना चूल भेटते, ना गाडी, ना गोठा. पुण्याच्या वेधशाळेला तोच हवा होता. त्यांनी सड्यावर एक खोली बांधली, भोवती तारेचं कुंपण घातलं आणि गावातल्याच सहदेव घाडीला संग्राहक नेमलं. सहदेव म्हणजे दर्शनाचा नवरा.

काम दर मंगळवारी, दुपारी दोन वाजता. दोन फ्लास्क, आतून पंपाने रिकामे केलेले. वाऱ्याकडे तोंड करायचं. तीन खोल श्वास घ्यायचे आणि चौथा छातीत कोंडायचा. मग वाऱ्याच्या दिशेने दहा पावलं पुढे जायचं, हात लांब करायचा, तोटी उघडायची. सूं करून हवा आत घुसते. तोटी बंद. दुसरा फ्लास्क, तसाच. मग मागे फिरून खोलीपाशी यायचं आणि तिथे श्वास सोडायचा. पाऊण मिनिट, फार तर पन्नास सेकंद.

श्वास कोंडायचा कशाला? तर मोकळ्या हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे भाग असतात चारशे तीस, आणि माणूस जो श्वास सोडतो त्यात असतात चाळीस हजार. तोटी उघडी असताना वाऱ्याच्या वरच्या बाजूला एक उसासा पडला, की तो फ्लास्क समुद्राचा राहत नाही. माणसाचा होतो.

जोडीतला एक फ्लास्क मोजणीला जाई, दुसरा सीलबंद होऊन पुण्याच्या कोठारात. गावाला यातलं काय कळणार? तिठ्यावरचे लोक म्हणत, "सहदेव रिकामी बाटली घेवन वर जाता आनि भरून हाडता. आमी भरलेली नेतो, रिकामी हाडतो." सहदेवही हसायचा. एवढं सगळं समजावत बसण्यापेक्षा त्याने गावाला आणि घरच्यांनाही एकच सोपा नियम सांगून ठेवला होता. "वारो भरताना बोलाचा नाय."

•

बारा वर्षं त्याने वारा भरला. एकही जोडी नापास झाली नाही.

मग सहाशे बारावी आली.

मागच्या मंगळवारची हवा चारशे एकतीस, पुढच्या मंगळवारची चारशे तीस, आणि मधली ही चारशे सत्तर. पुण्याहून तीन माणसं आली, सहदेवला त्याच्याच खोलीत स्टुलावर बसवलं. सहदेवने दोन वाक्यं सांगितली आणि तीच पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

"मी श्वास सोडला नाही."

"मी एकटाच होतो."

"अहो घाडी, एकटे होतात, तर मग सोडला कुणी? कावळ्याने?" त्यातला एक जण म्हणाला. खिडकीतून ऐकणारं अर्धं गाव हसलं. आठवडाभर पोरं सहदेवला बघून कावकाव करत होती.

त्याला काढलं. कागदावर लिहिलं : संग्राहकाचा निष्काळजीपणा. बारा वर्षांच्या सगळ्या नोंदींपुढे शंकेची फुली पडली.

महिन्याभराने दर्शनाने त्याच जागेसाठी अर्ज केला. घराला आधार हवा होता, आणि तिला नवऱ्याचा रागही आला होता. अर्जातलं शेवटचं वाक्य तिने तीनदा खोडून चौथ्यांदा नीट लिहिलं : "माझ्या पतीकडून जी चूक झाली ती माझ्याकडून कधीही होणार नाही."

तो अर्ज टपालात सहदेवनेच टाकला.

तिला शिकवलंही त्यानेच. विहिरीच्या कठड्याशी उभं करून, हातात घड्याळ धरून. पहिल्या दिवशी ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली आणि नाकाने बारीक बारीक श्वास घेत राहिली. तो म्हणाला, "तसा नाय गो. नुसता बोलाचा नाय असा नाय. श्वास घेवचो नाय. नाकानसुद्धा नाय."

"मग आधी नीट सांगायचं होतं ना," ती म्हणाली होती. "बोलाचा नाय, बोलाचा नाय, बारा वर्षं तेवढंच ऐकतेय."

त्यावर सहदेव घड्याळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चुकलंच माझं."

नायट्रोजन श्वासासोबत आत जातो, छातीभर फिरतो आणि जसा गेला तसा बाहेर येतो. त्यानंतरची अकरा वर्षं सहदेव त्या घरात तसा राहिला. कोकमं फोडली, कलमं बांधली, लेकीला एसटीत बसवून दिलं. चढावर त्याला धाप लागली की दर्शना म्हणायची, "दम तेवढाच होता म्हणा तुमचा." चारचौघांतही म्हणायची. तो हसायचा. सानिका कॉलेजात गेली तेव्हा हवेच्या अभ्यासाची आवड कुठून लागली असं कुणी विचारलं, तर ती सांगायची, आईमुळे.

बाराव्या वर्षी एका दुपारी, अंगणात कोकमं वाळत घालता घालता, सहदेव बसला तो उठलाच नाही.

•

मग ते यंत्र आलं.

माणसाच्या श्वासात नायट्रोजन, ऑक्सिजन वगैरे तर असतातच; शिवाय शेकडो पदार्थ अगदी नखाएवढे, नखाच्या लाखाव्या भागाएवढे असतात. ॲसिटोन, आयसोप्रीन, अमोनिया आणि त्यांचे भाऊबंद. कुणाच्या श्वासात कोण किती, हे ज्याच्या त्याच्या रक्तावर, आतड्यावर, यकृतावर ठरतं. बोटांच्या ठशासारखं. वयानुसार ठसा सरकतो, पण कसा सरकतो हेही मोजता येतं. श्वासवाचक यंत्राला चमचाभर बंद हवा पुरे. त्यात कोण श्वास घेत होतं ते यंत्र सांगतं.

तीन वर्षांत ते जिल्ह्याजिल्ह्यात पोचलं आणि माणसं बंद डब्यांना घाबरू लागली. घटस्फोटाच्या दाव्यात गाडीच्या डिकीतली हवा हजर होऊ लागली. सोयरिकीच्या बैठकीत चहाआधी फुगे पुढे आले. मुलीने फुगवायचे, मुलाकडच्यांनी तपासायचे. आजारपणं लपेनात, भेटी लपेनात. इचलकरंजीच्या एका माणसाने मात्र माळ्यावरची पोहायची जुनी ट्यूब तिजोरीत ठेवली. ती त्याच्या वडिलांनी तोंडाने फुगवलेली होती. शेवटी सरकारने घाईघाईने कायदा केला : जिवंत माणसाचा ठसा जुळला तरी त्याचं नाव त्याच्या संमतीशिवाय कुठेही जाहीर करायचं नाही.

वेधशाळेने कोठारातले सगळे जुने फ्लास्क त्या यंत्राखाली घालायचं ठरवलं. ओळख पटावी म्हणून सगळ्या संग्राहकांचे श्वास आधी नोंदवून घेतले. दर्शनानेही नळीत फुंकर मारली आणि म्हणाली, "बघा बघा, माझ्या साडेनऊशे जोड्यांत एक फुंकर सापडली तर नाव बदलेन." हे काम करणाऱ्या पथकात सानिका होती.

•

पिठी करपली. वास घरभर झाला तरी दोघींतली एकही उठली नाही. सानिकाने कागद टेबलावर ठेवला.

जोडी ६१२, फ्लास्क ब.
मानवी श्वास : आढळला.
माणसं : एक.
पुरुषाचा श्वास : आढळला नाही.
स्त्री, वय पस्तीस ते अडतीस.
आयसोप्रीन नेहमीच्या तिप्पट. व्यक्ती नुकतीच धावत आलेली.
लसूण : आहे.
जुळणी : दर्शना सहदेव घाडी, विद्यमान संग्राहक. खात्री शंभरात नव्व्याण्णव.

दर्शनाने कागद वाचला. परत वाचला. मग 'लसूण' या शब्दावर बोट ठेवून ती उगाचच हसली, आणि ते हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं, काढून घ्यायला कुणी नसल्यासारखं.

"यंत्र चुकतं का गो?"

"हे नाही चुकत."

"मी बोलले नव्हते, सानिका. देवाशपथ. कुंपणाचं फाटक उघडं होतं. मी धावत आत गेले, आणि त्यांनी हात वर केला, थांब म्हणून. मी थांबले. पदर तोंडाला लावला. एक शब्द काढला नाही. तुझे ब्याण्णव टक्के इथे, जिभेवर होते, तरी बोलले नाही."

"कुठे थांबलीस?"

दर्शनाच्या डोळ्यांसमोर सडा आला, ऊन आलं, सहदेवची पाठ आली. नाही, पाठ नव्हती. तिला त्याचा चेहरा दिसत होता. श्वास कोंडून लाल झालेला, फुगलेल्या गालांचा, तिच्याकडे बघणारा. त्याचं तोंड वाऱ्याकडे होतं. म्हणजे ती...

"त्यांच्या समोर," ती म्हणाली. "समुद्राच्या अंगाला. तीन-चार पावलांवर."

आणि मग ते झालं. अठरा वर्षं समोर पडलेलं गणित, पहिलीतल्या मुलीने सोडवावं असं. फ्लास्कजवळ माणसं किती? दोन. एकाने श्वास कोंडलेला. दुसरी अर्धा डोंगर धावत चढून आलेली.

मग सोडला कुणी?

कुणीही विचारलं नव्हतं हे खरं. पण तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. ती स्वतःला तिथे मोजतच नव्हती. काम त्याचं, फ्लास्क त्याचा, कुंपण त्याचं. ती फक्त निरोप घेऊन गेलेली बायको. नवरा चुकला एवढंच तिला कळलं, आणि ते पटायला एक दिवसही लागला नाही.

सहदेवला मात्र ते गणित स्टुलावर बसण्याआधीच सुटलं होतं. त्याने स्वतः श्वास कोंडला होता. त्याला सुटणार नाही तर कुणाला?

"मी एकटाच होतो." तेवढं एक वाक्य खोटं. ते त्याने तिच्यासाठी सांगितलं, आणि मग तिच्यासमोर अकरा वर्षं जेवला.

ऑक्सिजन : शंभरात एकवीस

मंगळवारी वेधशाळेची चौकशी समिती येणार होती. त्याआधी निर्णय हवा होता, आणि सानिकाला तो एका बाजूला हवा होता.

"हे बघ आई. तू संमती नाही दिलीस तर तुझं नाव कुठेच येत नाही. अहवालात 'अज्ञात स्त्री' एवढंच जाईल."

"आणि तुझे बाबा?"

सानिका कागदाची घडी घालू लागली.

"त्यांच्या नावापुढे काय येईल ते सांग."

"निष्काळजीपणा खोडला जाईल. त्या जागी... परक्या व्यक्तीला आत घेतलं आणि चौकशीत खोटं सांगितलं, असं येईल."

"म्हणजे हलगर्जीचे होते ते लबाड झाले. शिवाय कुणीतरी बाई." दर्शनाने मान हलवली. "तिठ्यावर वर्षभर पुरेल. आणि मी हो म्हटलं तर?"

"तर तुला काढतील. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना. प्रवेशबंदी मोडलीस, चौकशीच्या वेळी गप्प राहिलीस, म्हणून. तुझ्या साडेनऊशे जोड्यांपुढे फुली पडेल, पुन्हा तपासून होईपर्यंत. आणि तो अर्ज आई, तो फाईलमध्ये आहे. ते वाक्य मोठ्याने वाचतील."

"वाचूं देत."

"आई, तो अपघात होता! तुला नियमच चुकीचा सांगितला होता."

"अपघात पाऊण मिनिटाचा गो," दर्शना म्हणाली. "पुढची अकरा वर्षं मी शुद्धीत होते."

सानिका रडायला लागली. बाबांचं नाव आपणही कधी कुठे घेतलं नाही, हे तिला बोलायचं होतं. ते बोलून झालं नाही.

मंगळवारी दोन वाजता समितीच्या तीन माणसांदेखत दर्शनाने नेहमीसारखा वारा भरला. सगळ्यांना खोलीमागे उभं केलं. तीन श्वास, चौथा आत. दहा पावलं. तोटी. सूं.

श्वास कोंडला की माणसाला वाटतं, ऑक्सिजन संपला म्हणून जीव घाबरा होतो. तसं नसतं. पन्नास सेकंदांत ऑक्सिजन पुष्कळ उरलेला असतो. जीव घाबरा होतो तो आत साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. बाहेर सोडायचं ते सोडलेलं नसतं, म्हणून. सहदेवने हे विहिरीच्या कठड्याशी तिला समजावलं होतं. दुसरा फ्लास्क भरताना तिला वाटलं, त्या माणसाने ते किती वर्षं आत धरलं असेल.

तिने तोटी बंद केली, खोलीपाशी आली, श्वास सोडला आणि नोंदवहीत वेळ लिहिली. अक्षर ठीक आलं.

मग आत जाऊन ती स्टुलावर बसली. समितीच्या अध्यक्षा चष्मा पुसत होत्या. त्यांच्यासमोर जुनी फाईल उघडी होती. सानिका भिंतीला टेकून, डोळे मिटून उभी होती. खिडकीत गाव जमलं होतं, पण आज कुणी कावकाव केली नाही.

आर्गॉन : शंभरात ०.९३

अध्यक्षा म्हणाल्या, "घाडीबाई, नाव सांगायची सक्ती नाही. त्या दुपारी, तोटी उघडी असताना, सहदेव घाडींसमोर कोण श्वास घेत होतं?"

कार्बन डायऑक्साइड : शंभरात ०.०४

मी.